शैलीदार निसर्गचित्राचा भाव कसा लिहावा: सड्यावरच्या एका चित्राच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीत भरणाऱ्या एका समूह-प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी तुम्हाला सहकारी चित्रकर्तीच्या एका निसर्गचित्रावर दोनशे शब्दांच्या आत लिहायचे आहे. चित्र हुबेहूब उतरवलेले नाही, शैलीदार आहे. आणि ‘कोकणच्या निसर्गसौंदर्याचे मनमोहक चित्रण, शांत व प्रसन्न वातावरण’ एवढे लिहून झाल्यावर लेखणी थांबते. रचनेविषयी दोन वाक्ये कशीबशी लिहिता येतात, पण भाव नेमका कशावर बोट ठेवून दाखवायचा, असे तुम्ही विचारले आहे. निसर्गचित्रे रंगवण्यात आणि विद्यार्थ्यांकडून रंगवून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि चित्रांवर लिहिण्याचे कामही सतत येत असते. म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देतो.

उत्तर इतरांनाही वाचता यावे यासाठी तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रावरून चित्रात काय आहे ते आधी नोंदवतो. आडव्या कॅनव्हासवरचे हे अ‍ॅक्रिलिकमधील चित्र आहे. खालचा बहुतेक सगळा भाग जांभ्याच्या सड्याने, म्हणजे तांबड्या कातळाच्या उघड्या पठाराने, व्यापला आहे आणि तो शेंदरी-नारिंगी रंगाच्या सपाट, एकावर एक रचलेल्या पट्ट्यांत रंगवला आहे. या पट्ट्यांवरून एक पाखाडी (दगडी पायवाट) तीन वळणे घेत वर जाते आणि सड्याच्या कडेशी असलेल्या गडग्यापाशी (रचलेल्या दगडांच्या कुंपणापाशी) थांबते. गडग्यालगत पाच माड आहेत. पाचही उजवीकडे वाकलेले, आणि प्रत्येकाला मोजक्या सात-आठ झावळ्या. त्यांच्या पलीकडे समुद्राची फिकट पिवळसर, अरुंद पट्टी आहे, तिच्यावर डावीकडे एक लहानशी लाल होडी आहे, आणि सर्वांत वर निळ्या-काळ्या ढगाचा सलग जाड पट्टा. खाली उजव्या कोपऱ्यात एक कौलारू घर आहे. त्याचे दार बंद आहे आणि छपरातून धुराची एक सरळ रेघ वर गेली आहे. माणूस कुठेही नाही.

या चित्राला ‘शांत व प्रसन्न’ म्हणता येईल असे मला वाटत नाही. तसे का वाटत नाही, हे सांगता सांगताच तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

हुबेहूब निसर्गचित्राचे वर्णन करताना आपण प्रकाश, हवामान, अंतर यांच्याविषयी बोलतो, कारण चित्रकाराचे कसब प्रामुख्याने तिथे लागलेले असते. शैलीदार चित्रात चित्रकाराने समोरच्या दृश्यात हेतुपूर्वक बदल केलेले असतात: काही वगळलेले असते, काही वाढवलेले असते, काही सपाट केलेले असते, एखादा रंग बदललेला असतो, एखादा आकार पुन्हा पुन्हा योजलेला असतो. माझे ठाम मत असे आहे की अशा चित्राचा भाव या बदलांमध्येच असतो आणि तो तिथेच शोधावा लागतो. यशोधराने कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, म्हणजे रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग, त्यांत भाव आणि सादृश्य ही दोन निरनिराळी अंगे म्हणून येतात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सादृश्य, म्हणजे मूळ दृश्याशी साम्य, कुठे राखले आहे आणि कुठे मुद्दाम सोडले आहे हे नीट पाहिले, की भाव कुठून उभा राहतो हे हाती लागू लागते.

त्यासाठी मूळ दृश्य ठाऊक असावे लागते, आणि या बाबतीत तुमच्यासारखा कोकणात वाढलेला लेखक दूरच्या समीक्षकापेक्षा अधिक समर्थ असतो. सडा कसा दिसतो, माड कुठे उगवतो, वारा कोणत्या महिन्यात कुठून येतो, हे तुम्हाला वाचून शिकावे लागलेले नाही. तेच ज्ञान मोजपट्टी म्हणून वापरा.

सड्याच्या रंगापासून सुरुवात करू. उघड्या सड्याचा पृष्ठभाग वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसाने काळपट, करडा-तपकिरी झालेला असतो. जांभ्याचा तांबडा-नारिंगी रंग, जो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो, तो ताजा दिसतो खाणीत, नुकत्याच कापलेल्या चिऱ्याच्या अंगावर. चित्रकर्तीने आतल्या दगडाचा हा रंग संपूर्ण सड्याच्या पाठीवर पसरला आहे. म्हणजे काळपट कवच काढून टाकून जमिनीचे आतले अंग वर आणले आहे. ‘लाल मातीचा कोकण’ असे लिहून तुम्ही पुढे गेलात तर हा निर्णय तुमच्या हातून निसटतो. ‘सड्याचा काळपटपणा पूर्णपणे वगळून त्याला ताज्या चिऱ्याचा रंग दिला आहे, त्यामुळे जमीन उघडी आणि तापलेली भासते’ असे लिहिले, तर वाचकाला रंगही कळतो आणि त्या रंगाने काय साधले तेही कळते.

आता माड घ्या. माड सहसा सड्यावर वाढत नाही. तो खाली आगरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बागायतीत, वाळूमिश्रित ओलसर मातीत वाढतो. किनाऱ्यालगतचे माड मोकळ्या उजेडाकडे, म्हणजे बहुधा समुद्राच्या बाजूला झुकलेले दिसतात. चित्रात मात्र ते वर, कातळाच्या कडेशी आणून उभे केले आहेत आणि पाचही एकाच कोनात उजवीकडे वाकले आहेत. पश्चिमेकडे तोंड करून आपण समुद्र पाहतो तेव्हा दक्षिण आपल्या डाव्या हाताला असते. त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा डावीकडून, समोरून येतो आणि झाडे उजवीकडे लववतो. माडांचा हा कल वाढीतून आलेला नाही, वाऱ्याने दिलेला आहे, आणि तो वारा कोणत्या दिशेचा हे कोकणातल्या वाचकाला सांगावे लागत नाही. त्यात भर म्हणजे पूर्ण वाढलेल्या माडाच्या शेंड्याला तीसेक झावळ्या असतात. इथे त्या सात-आठ ठेवून प्रत्येकीला बोटांसारखा स्पष्ट, ताणलेला आकार दिला आहे. झावळ्या कमी केल्यामुळे झाड विरळ दिसत नाही. उलट प्रत्येक झावळीवर पडलेला ताण निराळा दिसू लागतो. एकच आकार सारख्या कोनात पाच वेळा आल्याने वारा ही क्षणिक घटना न राहता संपूर्ण दृश्यावर पडलेला दाब होतो. आकारांच्या पुनरावृत्तीने हवामान दाखवण्याची ही रीत फार जुनी आहे. जपानी चित्रकार हिरोशिगे याने १८५७ सालच्या आपल्या प्रसिद्ध काष्ठमुद्राचित्रात पुलावर कोसळणारी सर नुसत्या बारीक, जवळजवळ समांतर काळ्या रेषांनी दाखवली आहे, आणि तिच्याखाली वाकून लगबगीने जाणारी माणसे पाहताच पावसाचा जोर अंगावर येतो. व्हॅन गॉगला त्या चित्राचे इतके आकर्षण वाटले की १८८७ मध्ये त्याने तेलरंगांत त्याची प्रतिकृती केली.

धुराविषयी तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला तर तो चित्रातला सर्वांत बोलका तपशील वाटतो. माड एवढे वाकलेले असताना घरावरचा धूर सरळ वर जाणे शक्य नाही. शैलीदार चित्रात अशी विसंगती दिसली की ती चूक समजून दुर्लक्षू नये आणि ‘स्वप्नवत’ म्हणून उडवूनही लावू नये. कडेवर वारा आहे आणि घरापाशी वारा नाही, असे चित्र सांगते. एकाच चौकटीत दोन हवा ठेवल्या आहेत: वरची सुटलेली, खालची थिजलेली. या दोन हवांमधले अंतर पाखाडीने जोडले आहे, आणि पाखाडीवर कोणी नाही.

ऋतूचा उलगडा आता आपोआप होतो. जूनच्या पावसानंतर सडा थोड्याच दिवसांत हिरवा होतो, आणि पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे, गेंद यांच्यासारख्या बारीक फुलांनी भरून जातो. चित्रात गवताची एक काडी नाही, तरी आभाळ गच्च भरलेले आहे. सडा कोरडा आणि ढग ओला, ही सांगड वर्षातून थोडेच दिवस दिसते: मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, मृगाच्या आगेमागे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात ऋतू कसे रंगवावेत याचे मार्गदर्शन आहे, आणि तिथे भर आहे तो त्या ऋतूत सजीव काय करतात यावर. ग्रीष्म दाखवायचा तर आटलेली तळी, थकलेली माणसे, सावली शोधणारी हरणे आणि चिखलात रुतलेल्या म्हशी दाखवाव्यात, असे ते सांगते. या चित्रात सजीवांच्या हालचाली जवळजवळ काढून टाकल्या आहेत. बंद दार, धूर आणि होडी एवढ्याच खुणांवर माणसांचे असणे टिकून आहे. तेव्हा ऋतू सांगताना या खुणांचा उल्लेख करा. ‘पावसाळ्यापूर्वीचे दृश्य’ एवढे कोरडे विधान पुरेसे नाही.

होडीबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागेल. तुमच्या मसुद्यात ‘किनाऱ्याकडे परतणारी होडी’ असे शब्द आहेत. चित्रातली होडी दोन्ही टोकांना सारखीच, चंद्रकोरीसारखी आहे. नाळ (पुढचे टोक) कोणती आणि वरामा (मागचे टोक) कोणता हे ओळखता येत नाही, शीड नाही, वल्हे नाही, पाण्यावर मागे उठणारी रेघही नाही. ती येत आहे की जात आहे हे चित्राने सांगितलेले नाही, आणि जे चित्राने सांगितलेले नाही ते वर्णनात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यानंतरही खवळलेला समुद्र नारळी पौर्णिमेच्या सुमारास निवळेपर्यंत होड्या जपूनच जातात. हे ठाऊक असलेला कोकणी प्रेक्षक काळ्या ढगाखाली एकटी होडी पाहून अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता खरी आहे आणि चित्राच्या भावाचा ती मोठा भाग आहे. होडी ‘परतणारी’ म्हटली की ती अस्वस्थता आपण आपल्या पदरच्या एका शब्दाने मिटवून टाकतो. ‘होडीची दिशा ठरवता येत नाही’ असे लिहा. प्रेक्षकाला तेवढे पुरे होते.

रचनेकडे वळताना प्रथम क्षितिज पाहा. इथे ते चौकटीच्या उंचीच्या वरच्या पाचव्या भागात आहे. ‘चित्राचे तीन भाग करून एकतृतीयांशावर क्षितिज ठेवावे’ हा नियम इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि नवशिक्याला त्याचा उपयोगही होतो. पण वर्णन लिहिणाऱ्याने तो पाळला की मोडला हे नोंदवण्यात वेळ घालवू नये. क्षितिज वर गेल्याने काय घडले, हे लिहावे. क्षितिज प्रत्यक्षात पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. चौकटीत ते वर ढकलले की नजर खाली झुकते, जमीन पायांपासून दूर पसरत न जाता भिंतीसारखी समोर उभी राहते आणि आकाश चिंचोळे होते. बसोहलीच्या पहाडी लघुचित्रांत उंच क्षितिज आणि त्याखाली पिवळ्या-तांबड्या रंगाचा सपाट, तापलेला विस्तार दिसतो. तिथे त्या विस्तारावर नायिकेची व्याकुळता ठसठशीत होते. ऑस्ट्रियातील क्लिम्टने अ‍ॅटर सरोवराच्या काठी रंगवलेली निसर्गचित्रे बहुधा चौरस आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत पाणी किंवा झाडी जवळजवळ वरच्या कडेपर्यंत भरलेली असते. त्यामुळे ती स्तब्ध आणि काहीशी कोंडलेली वाटतात. याउलट जपानच्या होकुसाईने १८३१ च्या सुमारास केलेल्या कानागावाच्या लाटेच्या चित्रात क्षितिज खाली आहे आणि लाट आभाळात उठते. म्हणून तिथे फुजीसारखा पर्वतही लाटेखाली ठेंगणा होतो. आपल्या चित्रात ढगाला जागा थोडी दिली आहे, पण तो सलग आणि गडद आहे. झाकण ठेवावे तसा तो सगळ्यावर बसला आहे. खाली पसरट जमीन आणि वर झाकण, अशी ही बांधणी आहे.

त्याच्यालगतच एक बाब लिहावी लागेल, जी शैलीदार निसर्गचित्रांत वारंवार आढळते आणि वर्णनांतून हमखास सुटते: एकाच चित्रात दोन दृष्टिकोन असणे. सड्याच्या पट्ट्या आणि पाखाडी उंचावरून पाहिल्यासारखी आहेत. घर, होडी आणि माड मात्र समोरून, नजरेच्या पातळीवरून पाहिल्यासारखे आहेत. यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) नियमाने हे जुळत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची, परंपरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. तिथे चेहरे एका बाजूने दिसतात, झाड समोरून दिसते, खोलीचा आभास निर्माण करण्याची धडपडच नसते, आणि प्रत्येक वस्तू ज्या बाजूने सर्वांत लवकर ओळखता येते त्या बाजूने येते. प्रस्तुत चित्रकर्तीने चित्रकथीतून हे घेतले असे मी म्हणत नाही, आणि तुम्हीही तिला विचारल्यावाचून तसे लिहू नये. परिणाम मात्र सांगता येतो. जमीन वरून पाहिल्यामुळे प्रेक्षक दृश्याच्या बाहेर, उंचावर राहतो. घर समोरून पाहिल्यामुळे त्याला त्या दारात उभे राहावेसे वाटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात आणि दारात शिरता येत नाही, कारण दार बंद आहे.

नजर चित्रात कशी फिरते हे लिहिताना बहुतेक जण ‘पाखाडी आपल्याला समुद्राकडे घेऊन जाते’ असे लिहितात. ती नेत नाही. ती गडग्यापाशी थांबते. तिथून पुढे नजरेला उडी मारावी लागते, आणि उडी मारली की फिकट पट्टीवर ती होडीपाशी येते, कारण तिथेच सर्वांत तीव्र विरोध ठेवलेला आहे. हे तपासण्याची साधी रीत सांगतो. डोळे किलकिले करून चित्र पाहा, किंवा भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करा. रंग निघून गेले की नारिंगी सडा आणि निळा-काळा ढग, जे रंग म्हणून एकमेकांचे कट्टर विरोधी आहेत, ते गडदपणाच्या मापाने एकमेकांच्या बरेच जवळ आलेले दिसतात, आणि समुद्राची पट्टी ही दोन जड वस्तुमानांमध्ये राहिलेली उजेडाची एकच फट उरते. दुसरी रीत म्हणजे एकेक घटक अंगठ्याने झाकून पाहणे. होडी झाका: चित्र तोलात राहते, पण काळजी नाहीशी होते. धूर झाका: घर ओसाड वाटू लागते. डावीकडचा एक माड झाका: फारसे काही बदलत नाही. यावरून कोणत्या घटकावर वाक्य खर्च करायचे आणि कोणता घटक उल्लेखापुरता ठेवायचा हे ठरवता येते. वर्णनात सगळ्यांना सारखी जागा देण्याची गरज नाही.

तोलाविषयी एवढेच, की उजवीकडे खाली घर आणि डावीकडे वर होडी असा कर्ण धरला आहे. माडांचा कल या कर्णाला छेद देत नजरेला होडीपासून दूर, उजवीकडे ढकलत राहतो. त्यामुळे होडीकडे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी वाऱ्याविरुद्ध जावे लागते. हे चित्रकर्तीने योजले असो वा हातून आपसूक झाले असो, चित्रात ते आहे.

आता भावाचा शब्द. वरचे सगळे लिहून होईपर्यंत तो शब्द उच्चारू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ‘शांत’, ‘प्रसन्न’, ‘गूढ’, ‘उदास’ हे शब्द आधी आले की पुढची निरीक्षणे त्या शब्दाची बाजू घेऊ लागतात. नोंदी आधी केल्या तर शब्द त्यांतून निघतो. आपल्या नोंदी अशा आहेत: तापलेली, उघडी जमीन, वरचे झाकण, मधली उजेडाची फट, दाबाखाली वाकलेले माड, न हलणारा धूर, बंद दार, दिशा न कळणारी होडी. यांना एकत्र धरणारा शब्द मला ‘प्रतीक्षा’ वाटतो, आणि ती सुखाची की भीतीची हे चित्राने ठरवलेले नाही. पावसाची वाट आहे आणि माणसाचीही वाट आहे. पाऊस आला तर जमिनीचे भले होईल, पण होडीचे काय होईल हे सांगता येत नाही. ही दुहेरी ओढ ‘शांत’ या शब्दात बसत नाही. तुम्हाला दुसरा शब्द योग्य वाटला तर तो जरूर योजा. फक्त तो चित्रातल्या निदान तीन गोष्टींनी सिद्ध करून दाखवता आला पाहिजे.

तुमच्या प्रेक्षकांपैकी अनेक जण मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी असतील, आणि कौलारू घर व पाखाडी दिसली की त्यांच्या मनात गाव जागे होईल. ती ओढ मला अतिशय मोलाची वाटते, पण ती प्रेक्षकाने चित्राकडे नेलेली असते. तिच्यावर विसंबून ‘गावाकडच्या आठवणी जागवणारे चित्र’ असे लिहिले, तर तेच वाक्य कोकणावरील कोणत्याही चित्राखाली चिकटवता येते. ज्या वाक्याचे चित्र बदलले तरी वाक्य बदलावे लागत नाही, ते वाक्य काढून टाकावे. ‘निसर्गाची मुक्तहस्त उधळण’, ‘रंगांची मुक्त बरसात’, ‘मन मोहून टाकणारा नजारा’ ही सगळी त्याच वर्गातली आहेत. या चित्रात तर उधळण नाहीच. पाच-सहा रंगांवर सगळे भागवले आहे.

आता तुमच्या मसुद्याऐवजी मी कसे लिहीन ते खाली देतो. हे जसेच्या तसे घेऊ नका. चित्रासमोर उभे राहून प्रत्येक विधान पडताळून पाहा.

‘मृगाच्या तोंडावरचा सडा. चित्राचा बहुतेक भाग शेंदरी-नारिंगी रंगाच्या सपाट पट्ट्यांनी भरला आहे. उन्हा-पावसाने काळवंडलेल्या कातळाला इथे ताज्या चिऱ्याचा रंग मिळाला आहे, त्यामुळे जमीन उघडी आणि तापलेली दिसते. क्षितिज खूप वर आहे. त्याच्यावर ढगाचा एकसंध निळा-काळा पट्टा झाकणासारखा बसला आहे, आणि जमीन व ढग यांच्यामध्ये समुद्र फिकट उजेडाच्या अरुंद फटीएवढाच उरला आहे. सड्याच्या कडेशी पाच माड एकाच कोनात वाकले आहेत. मोजक्या, ताणलेल्या झावळ्यांमुळे वाऱ्याचा जोर प्रत्येकावर निराळा जाणवतो. खाली उजवीकडच्या घरावरचा धूर मात्र सरळ वर जातो, जणू वारा अजून तिथवर पोहोचलेला नाही. घराचे दार बंद आहे. तिथून निघालेली पाखाडी तीन वळणे घेऊन गडग्यापाशी थांबते. तिच्या पलीकडे, चित्रातल्या सर्वांत उजळ जागी, सर्वांत लहान आकार आहे: एक लाल होडी, जिची दिशा ठरवता येत नाही. जमीन वरून आणि वस्तू समोरून पाहिल्यामुळे प्रेक्षक एकाच वेळी दूर आणि दाराशी उभा राहतो. पावसाची आणि माणसाची अशी दुहेरी प्रतीक्षा या चित्रात भरून राहिली आहे.’

हे दीडशेच्या आसपास शब्द आहेत. तुमच्या मर्यादेत आणखी एखाद्या वाक्याला जागा आहे. ती जागा रंगलेपनाला द्या असे मी सुचवीन. छायाचित्रात मला दिसले त्यावरून सड्याच्या पट्ट्या गुळगुळीत आहेत आणि ढगात कुंचल्याचे आडवे फटकारे जाणवतात, पण पोताविषयी छायाचित्रावरून लिहिणे धोक्याचे असते. प्रत्यक्ष कॅनव्हास बाजूच्या उजेडात पाहून तुम्हीच ते ठरवा. पट्ट्यांच्या कडा चिकटपट्टी लावून धारदार केल्या आहेत की हाताने ओढल्या आहेत, हेही जवळून कळेल. हाताने ओढलेल्या कडेला असणारा किंचित कंप इतक्या कठोर बांधणीत महत्त्वाचा ठरतो, आणि तो असेल तर त्यावर एक वाक्य अवश्य खर्च करावे.

चित्रकर्तीला विचारण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. चित्र एखाद्या विशिष्ट जागेवरून सुचले असेल आणि ती जागा सांगण्यास तिची हरकत नसेल, तर गावाचे नाव माहितीच्या ओळीत द्यावे, वर्णनात देऊ नये. नाव वर्णनात आले की वाचक चित्र सोडून त्या जागेशी ताडून पाहू लागतो. दुसरे म्हणजे शीर्षक. तिने ‘परतीची वाट’ असे काही नाव दिले असेल, तर होडीच्या दिशेविषयीचे माझे म्हणणे तुम्हाला नव्याने तपासावे लागेल, कारण शीर्षक हा चित्रकाराने स्वतः दिलेला पुरावा असतो आणि तो वर्णनकाराच्या अनुमानापेक्षा मोठा असतो. माहितीच्या ओळीत शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप या क्रमाने लिहा. माप सेंटिमीटरमध्ये, आधी उंची आणि मग रुंदी, म्हणजे आडव्या चित्राचा दुसरा आकडा मोठा येईल. वर्णनाला त्या ओळीखाली स्वतंत्र परिच्छेद द्या. पुस्तिका छापण्यापूर्वी तो परिच्छेद चित्र न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि कागदावर क्षितिज, घर, होडी, माड यांच्या जागा खुणेने मांडायला सांगा. घर उजवीकडे खाली आणि होडी डावीकडे वर पडली नाही, तर कोणते वाक्य अस्पष्ट राहिले ते लगेच ध्यानात येईल आणि तेवढेच दुरुस्त करता येईल.